अध्यक्षांचे खुंट

कान्हाचं जाळं काठीवर टांगलं त्याला आज चौथा दिवस होता, आणि चार दिवस त्याची बायको भागीरथी बंदरावरून मान खाली घालून जात होती. दुसरी वाट असती तर तिने तीच धरली असती. पण आडबंदरच्या कोळीवाड्यात पाण्याच्या नळाला जा, बाजाराला जा, नाहीतर खाडीत उतरा, संस्थेच्या हापिसासमोरूनच जावं लागतं. आणि हापिसासमोर ती मेली काठी.

पस्तिसेक घरांचा कोळीवाडा. कळव्याकडून टॉवर सरकत सरकत पार स्मशानापर्यंत आलेत, दुसऱ्या अंगाला खाडी, आणि दोन्हींच्या मधे ही माणसं दाटून बसलेली. खाडीत पूर्वी काय नव्हतं! बोयटे होते, चिवणी होती, करंदीने टोपल्या भरायच्या. आता दिवा गावाकडून येणारं गटाराचं काळं पाणी, थर्माकोल आणि त्यातून उरलीसुरली मासळी. म्हणून तीन वर्षांमागे मच्छीमार संस्थेने नियम केला की जाळ्याच्या आसातून, म्हणजे विणीतल्या भोकातून, दोन बोटं आरपार गेली पाहिजेत. त्याहून बारीक आस असला तर पिल्लं अडकतात आणि पुढच्या सालाला खाडी रिकामी. जाळ्याला बारीक ठिगळ सापडलं तर जाळं उधाणापासून उधाणापर्यंत काठीवर टांगायचं. आणि अख्खा खोला, म्हणजे जाळ्याची शेपटाकडची पिशवी, बारीक सापडला तर जाळं बांधायचे खाडीतले खुंटच उपटायचे. ज्याचे खुंट गेले त्याची जागा गेली, सगळ्या हंगामाची.

कान्हाच्या खोल्याला तळहाताएवढं ठिगळ होतं. तेवढ्यावर टांगलं.

वर त्याचा फोटो काढून संस्थेच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, ‘नियम सर्वांना सारखा.’ कान्हाकडे साधा फोन, त्याने काही पाहिलं नाही. पण सून हेमाली माजिवड्याला एका डॉक्टरकडे रिसेप्शनला बसते, तिने तिथे पाहिला आणि संध्याकाळी घरी येऊन सासूपुढे धरला. बत्तीस जणांनी अंगठे दाखवले होते. भागीरथीने बघितलं आणि ताटातला भात तसाच ठेवून उठली.

“बस गो, जेव,” कान्हा म्हणाला. “पंधरा दिवसांची तर गोष्ट. चूक झाली ती झाली.”

“चूक माझी हाय. ठिगल मी लावलंय,” ती म्हणाली.

“मग झालं तर.”

कान्हा असाच. उजवा खांदा निखळून बसवल्यापासून त्याचा आवाजही खाली बसला होता. कुणी ओरडलं की आधी हा मान हलवायचा, मग काय बोलले ते ऐकायचा.

जाळं नाही म्हणजे हाताने मासळी धरायची. सकाळी ओहोटी लागली की दोघं चिखलात उतरायची. भागीरथीचं नऊवारी गुडघ्याच्या वर कसलेलं, कमरेला टोपली, आणि पाय मांडीपर्यंत रुततील तिथे पोटावर आडवं होऊन पुढे सरकायचं. चिंबोरीच्या बिळात कोपरापर्यंत हात घालायचा. बिळात चिंबोरी असते, कधी पाणसाप असतो, आणि हल्ली बहुतेक वेळा फुटकी बाटली असते. चौथ्या दिवशी तिच्या अंगठ्याच्या मुळाशी काच गेली. तिने पदराची चिंधी बांधली आणि दुसरा हात घातला. बावन्न वर्षांच्या बाईने काय करावं? दुपारपर्यंत सात चिंबोऱ्या आणि मूठभर निवट्या.

त्या दिवशी ती सरकत सरकत मधल्या फाट्यापर्यंत गेली. तिथे सुदेशचे खुंट. सुदेश म्हणजे संस्थेचा अध्यक्ष आणि कान्हाचा चुलतभाऊ. खाडीतली सगळ्यात चांगली जागा त्याची. दोन्ही फाट्यांचं पाणी तिथे एक होतं आणि ओहोटीला सगळी मासळी त्याच तोंडातून जाते. त्याची दोन माणसं जाळं ओढून होडीत घेत होती. खोला सोडला आणि होडीत धो धो पिल्लं पडली. नखाएवढी करंदी, बोटाच्या पेराएवढे बोयटे. त्यातलं मोठं तेवढं वेचलं आणि बाकी सगळं फावड्याने चिखलात लोटलं. पांढरा थर पडला. बगळे आधीच टपून होते.

भागीरथी चिखलात तशीच पालथी पडून राहिली. ती पिल्लं बघून तिला धक्का बसला असं कुणाला वाटेल, तर तसं नव्हतं. तिला माहीत होतं. तो खोला तिनेच विणला होता.

आख्ख्या कोळीवाड्यात जाळं विणावं तर भागीरथीने. चैत्रात सुदेशची बायको कांता सूत घेऊन आली आणि बांबूची एक पट्टी. त्या पट्टीभोवती सूत फिरवून गाठ मारायची, पट्टी जेवढी रुंद तेवढा आस. पट्टी अंगठ्याएवढी होती. “अगो, ही बारीक हाय,” भागीरथी म्हणाली. तर कांता हसली. “ह्यांनीच दिली. आता अध्यक्षाला तू नियम शिकवणार काय?” आणि भागीरथीने विणला. घरच्या माणसाला नाही कसं म्हणायचं, आणि अध्यक्षाला तर त्याहून नाही. खोला झाल्यावर हातभर विणकाम उरलं, ते पत्र्याच्या डब्यात टाकलं. श्रावणात कान्हाचं जाळं फाटलं तेव्हा घाईघाईत तेच कापून ठिगळ लावलं.

म्हणजे काठीवर कान्हाचं नाव टांगलं होतं, पण टांगलं होतं सुदेशच्याच खोल्याचं पोर!

ती चिखलातून उठली आणि तशीच, अंगभर राडा घेऊन, हापिसात गेली. सचिव नयन पंख्याखाली बसून मोबाईल बघत होता. तिशीचा पोरगा, कॉलेजात शिकलेला, सुदेशच्याच शब्दाने सचिव झालेला.

“काकी, लादी आत्ताच पुसलीय!”

“पुस परत. अध्यक्षाच्या खोल्याचा आस मोजायचाय.”

नयनने मोबाईल पालथा ठेवला. “मोजलाय. आषाढात सगळ्यांची जाळी मोजली तेव्हाच मोजलाय. बोटं आरामात गेली.”

“कुठं मोजला?”

“कुठं म्हणजे? जाळ्याला.”

“तोंडाला मोजला का शेपटाला?”

जाळ्याच्या तोंडाला आस केव्हाही मोठा असतो, तिथून दोन बोटं कशाला, मूठ जाते. मासळी अडकते ती शेवटी, खोल्यात. कान्हाचं मोजलं तेव्हा याच नयनने खोला उलटा करून एकेक घर तपासलं होतं.

“तुझ्या काकाचा खोला उलटा केलास ना? मग ह्याचा का नाय? दुखत होता का त्याचा खोला?”

“काकी, लेखी तक्रार द्या. समिती बघेल.”

“समितीचा अध्यक्ष कोण?”

नयनने पंख्याकडे बघितलं.

संध्याकाळी हेमालीने कपाटातून संस्थेच्या पोटनियमांचं पुस्तक काढलं. प्रत्येक सभासदाला दिलेलं, कुणीच न वाचलेलं. तिने फरशीवर बसून पान न् पान वाचलं. मधेच तिने मान वर केली.

“आई, ऐका. पदाधिकाऱ्याविरुद्धची तक्रार त्याच्या अध्यक्षतेखाली ऐकता येत नाही. सात सभासदांनी सही केली तर आठ दिवसांत सभा लावायलाच लागते. भारीच आहे ना हे!”

“लिव अर्ज.”

“थांबा, अजून एक आहे.” हेमालीचा आवाज उतरला. “बारीक आसाचा खोला जो वापरेल त्याचे खुंट जाणार. आणि जो विणेल त्याचेही.”

कान्हाने भिंतीला टेकलेली पाठ सरळ केली.

“भागी,” तो म्हणाला, “सोर तो नाद. पंधरा दिवसांनी जालं मिळतंय. खुंट गेले तर खायाचं काय?”

त्याचं खोटं नव्हतं. मुलगा डोंबिवलीच्या कारखान्यात पाळीला जातो, त्याची आजची नोकरी उद्या असेल याचा भरवसा नाही. घर चालतं ते त्या चार खुंटांवर. कान्हाच्या आज्याने ते ठोकले होते, बापाने बदलले, कान्हाने बदलले. पण भागीरथीच्या डोळ्यांपुढून तो फावड्याने लोटलेला पांढरा थर जाईना. आणि त्याहून जास्त, ते बत्तीस अंगठे जाईनात.

“लिव म्हटलं ना!”

सह्यांना ती दुसऱ्या दिवशी निघाली. पहिल्या तीन घरांत माणसं घरी नव्हती, म्हणजे आत होती पण नव्हती. चौथ्या घरात चहा मिळाला, सही नाही. “सुदेशकडे बर्फाची गाडी हाय, भागी. बर्फ बंद केला तर?” असं करत करत ती बाजारात सखुबाईच्या पाटीपाशी येऊन बसली. सखुबाई सत्तरीच्या पुढची, मासळी विकता विकता म्हातारी झालेली. तिने सगळं ऐकलं, हातातली सुकट खाली ठेवली आणि विचारलं, “तो खोला तू विनलास?”

“मी विनला.”

“मग तुझे खुंट गेले की गो!”

“गेले तर गेले.”

“वेडी हायेस.” सखुबाईने अंगठ्याला शाई लावली. “आन कागद. आनि त्या शालूला बोलव, तिचा नवरा मेल्यापासून ती सभासद हाय, तिला कुनाच्या बापाची भीती नाय.”

बायकांचे पाच अंगठे आणि सह्या झाल्या. सहावी भागीरथीची स्वतःची. सातवी मिळेना. दोन दिवस मिळेना. मग एका सकाळी कान्हाने चिखलाने माखलेले हात धोतराला पुसले आणि कागद मागितला. भागीरथीने त्याच्याकडे बघितलं. त्याने नाव लिहिलं, सावकाश, प्रत्येक अक्षरावर जोर देऊन. “तू बोलशील. मी आपला तुझ्या मागे उभा ऱ्हाईन,” तो म्हणाला. भागीरथीला त्या क्षणी त्याच्याबद्दल इतकी माया दाटून आली की ती उगाच त्याच्यावर ओरडली, “धोतराला काय पुसता, मलाच धुवायचंय ते!”

अर्ज दिला त्याच संध्याकाळी सुदेश घरी आला. पांढरा शर्ट, बोटांत अंगठ्या. बाजल्यावर बसला, पाणी प्यायला, भिंतीवरच्या एकवीरा आईच्या फोटोला नमस्कार केला.

“वयनी, एवढं काय त्यात? आपण घरातली माणसं. जाळं उद्या सोडतो. फोटोपण काढून टाकायला सांगतो नयनला.”

“आनि खोला?”

“कुठला खोला?”

“तुमचा. मी विनलेला.”

सुदेशने कान्हाकडे बघितलं. कान्हा नेहमीसारखा मान हलवेल असं त्याला वाटलं असावं. कान्हा पायाच्या नखातला चिखल काडीने काढत होता.

“तेच सांगतोय ना,” सुदेश म्हणाला. “तुम्हीच विणलाय. विणणाऱ्याचं कलम मीच घातलंय पोटनियमात, मला पाठ आहे. सभेत तोंड उघडलंत तर माझं होईल ते होईल, मी बर्फावर जगेन. तुमचं काय? दादाचा खांदा असा. विचार करा जरा.”

“केला. बसा, चा घेता?”

“चहा नको.”

“मग उठा. मना जाळं विनायला बसायचंय. दोन बोटांचं.”

सुदेश चपला घालून निघाला. दारात त्याचा पाय हेमालीच्या बादलीला लागला आणि पाणी सांडलं. कुणी पुसायला उठलं नाही.

सभा रविवारी दुपारी बंदरावरच्या मांडवात लागली. भादव्याचं ऊन, खाडीचा वास, आणि कधी नव्हे ते सगळी माणसं. सुदेश खुर्चीत बसला होता, मधल्या, अध्यक्षाच्या.

“आधी तिथून उठा,” भागीरथी उभी राहून म्हणाली.

“वयनी, सभा मी बोलावली...”

“सभा आमी सात जनांनी बोलावली. हेमाली, वाच.”

हेमालीने मोठ्याने वाचलं. मांडवात कुजबुज झाली. मागून कुणीतरी ओरडलं, “अरे उठ ना यार, वाचलं ना तिने!” सुदेश हसत हसत उठला, जणू काही त्याच्याच मनात होतं. खुर्चीवर सखुबाईला बसवलं. तिचे पाय जमिनीला पुरेनात.

“बोल गो,” सखुबाई म्हणाली.

भागीरथी पुढे आली. “अध्यक्षाचा खोला अंगठ्याएवढ्या आसाचा हाय. मना कसं ठाव? तर मीच विनलाय. चैतात विनला, नियम ठाव असून विनला. तो काठीवरचा तुकडा बघा, माझ्या नवऱ्याच्या जाल्याचा, तो त्याच खोल्याचा उरलेला तुकडा. आनि विनणाऱ्याचे खुंट जातात ते पन मना ठाव हाय. नयन, माझं नाव आधी लिव.”

नयन लिहिणं सोडून बघत राहिला.

“लिव रे! शिकलेला हायेस ना?”

मांडवात आवाज उठला. काहीजण म्हणाले, बाई येडी झाली. काहीजण म्हणाले, आता तपासाच. सुदेश म्हणाला, जाळं धुवायला टाकलंय, ओलं आहे, पुढच्या रविवारी बघू. तेव्हा कान्हा उठला. सबंध सभेत त्याने एकदाच तोंड उघडलं. “ओल्या जाल्यातून बोटं जात नाय काय? माझं वलंच मोजलेलं तुमी.”

शालू आणि आणखी दोघी सुदेशच्या होडीवर गेल्या आणि जाळं ओढत घेऊन आल्या. खोला उलटा केला. नयनने बोटं पुढे केली आणि मागे घेतली. मग सखुबाईने वाकून आपलीच दोन बोटं लावली, वाळून काड्या झालेली, सगळ्या कोळीवाड्यातली सगळ्यात बारीक बोटं. करंगळी आणि शेजारचं. शेंड्यालाच अडकली.

“जात नाय,” ती म्हणाली. “पोरीची दोन बोटं पन जानार नाय ह्यातून.”

सुदेशने मग पुष्कळ सांगितलं. संस्थेसाठी त्याने काय काय केलं, बंदराला दिवे कुणी आणले, बर्फ कुणी आणला. सगळं खरं होतं, ते कुणी नाकारलंही नाही. सखुबाईने ऐकून घेतलं आणि विचारलं, “दिवे आनलेस म्हणून आस मोठा झाला काय?” हात वर करायला सांगितले तेव्हा आधी बायकांचे वर गेले. मग पुरुषांचे, इकडे तिकडे बघत, एकेक. नयनचा शेवटी. ठराव लिहिला गेला: भागीरथीचे चार खुंट आणि सुदेशचे आठ, उद्याच्या ओहोटीला, ज्याचे त्याने सगळ्यांसमोर उपटायचे. ज्याचे त्यानेच, हा जुनाच रिवाज, दुसऱ्याचा हात लागत नाही.

दुसऱ्या दिवशी पाणी उतरलं तेव्हा बांधावर माणसांची रांग होती. भागीरथी आणि कान्हा चिखलात उतरले. पहिला खुंट हलेना. कान्हाने डाव्या खांद्याने रेटा दिला, तिने बुंध्याशी चिखल हाताने उकरला, काचेची जखम उघडी पडून चिखलात लाल धार गेली. हलवत हलवत खुंट सुटला आणि खालून काळं पाणी भसकन वर आलं. कान्हाने तो खुंट एकदा हाताने पुसला. दुसरा निघाला, तिसरा निघाला. चौथा त्याच्या आज्याने सगळ्यात आधी ठोकला होता त्या जागेवरचा, त्याला वेळ लागला. कान्हाच्या डोळ्यांना पाणी आलं, ते त्याने लपवलं नाही.

चारही खुंट होडीत टाकले. घरी जायला हरकत नव्हती. पण भागीरथी होडीत चढली नाही. ती चिखलातून सरकत मधल्या फाट्यावर गेली आणि सुदेशच्या पहिल्या खुंटापाशी उभी राहिली.

“नयन!” तिने बांधाकडे हाक मारली. “अध्यक्ष कुठं हाय?”

“काकी, त्यांना बरं नाही म्हणे. उद्या...”

“ठरावात आजची ओहोटी लिवलीय. तूच लिवलीस.”

नयन फोन लावत राहिला. भरती लागली. पाणी तिच्या घोट्याला आलं, मग पोटऱ्यांना. कान्हा होडीतून म्हणाला, “चल गो, पाणी चढतंय.” ती म्हणाली, “चढू दे.” पाणी गुडघ्याला आलं. तेव्हा शालू बांधावरून खाली उतरली आणि दुसऱ्या खुंटापाशी जाऊन उभी राहिली. मग आणखी एक, मग दोघी, मग तिघी. खुंटाला कुणी हात लावला नाही, नुसत्या उभ्या राहिल्या, आठ खुंटांपाशी आठ बायका, कासोटे भिजलेले. सखुबाईला उतरता येईना, तर ती बांधावरूनच शिव्या घालत होती, एकेक निवडून, आणि खाडीवर त्या लांबपर्यंत ऐकू जात होत्या.

पाणी कमरेला आलं तेव्हा नयनने फोन खिशात टाकला आणि तो पळत कोळीवाड्यात गेला. परत आला तेव्हा पुढे सुदेश होता. पांढरा शर्ट, विजार गुडघ्यापर्यंत दुमडलेली. बांधाच्या कडेला तो थांबला. सगळे त्याच्याकडे बघत होते, त्याची दोन माणसंसुद्धा. त्याने अंगठ्या काढून खिशात टाकल्या आणि पाण्यात पाय घातला. पाच पावलांवर रुतला, पडला, उठला, शर्ट काळा झाला. पंधरा वर्षांत तो स्वतः चिखलात उतरला नव्हता.

भागीरथी खुंटापासून बाजूला झाली. “खाली चिखल उकरा आधी,” ती म्हणाली. “नुसतं ओढून नाय निघायचा.”

सुदेश वाकला. पाणी त्याच्या छातीला लागलं. त्याने हात खाली घातले.